गणितासह कला शाखा

वडगाव, परतवाड्याजवळ
२१ मे २०२५

ती. बेबीमावशी,

फोनवर तू मले बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहून राहिली. कागदाले मधात तोडता येत नाही. पूर्ण वाच, मंग रागव.

दहावीत चौऱ्याण्णव टक्के पडले ते आईनं तुले सांगितलंच. गणितात नव्व्याण्णव. त्या दिवसापासून घरात एकच चालू आहे. गीतू अकोल्याले जाईल, मावशीकडे राहील, नीटचे क्लास लावील, डॉक्टर होईल. बाबा पण मान डोलावून राहिले. मले कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. मी अकोल्याले येणार नाही. मी परतवाड्याच्या कॉलेजात कला शाखा घेणार आहे, अन् तिच्यात अर्थशास्त्र, भूगोल यांच्यासोबत गणित घेणार आहे.

का, ते पण ऐक. आईच्या अंगणवाडीत मी सातवीपासून वजनं लिहायले बसते. आई लेकरू काट्यावर ठेवते, आकडा सांगते, मी रजिस्टरात मांडते. मागच्या वर्षी नाल्यापलीकडच्या वस्तीतली अकरा लेकरं तीन महिने आलीच नाहीत. मायबाप वीटभट्टीवर गेले होते. त्या तीन महिन्यांत गावातलं कुपोषण कमी झालं असं कागदावर आलं, अन् आईचं बैठकीत कौतुक झालं. लेकरं परत आली तेव्हा त्यातल्या सहा जणांची वजनं उतरलेली होती. मी आईले विचारलं, जे आलेच नाहीत त्यांचा आकडा कुठं धरतात? तिनं पुढचं लेकरू काट्यावर ठेवलं.

मले हे शिकायचं आहे. आकडे कसे गोळा करतात, अन् त्यातून कोण सुटून जाते. कोलकात्याले संख्याशास्त्राची मोठी संस्था आहे. देशभरातून थोडीच पोरं घेतात. त्यांले बारावीत गणित अन् इंग्रजी पाहिजे, बाकी काय घेतलं ते विचारत नाहीत. दिल्लीतल्या मोठ्या कॉलेजात अर्थशास्त्र घ्यायचं तरी बारावीचं गणित लागते. माहितीपुस्तिका मी तीनदा वाचली.

तुझ्याशी भांडायचं नाही मले. पण माझं ठरलं आहे.

तुझी
गीतांजली


जठारपेठ, अकोला
२७ मे

चि. गीतू,

पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. अन् मंगच रागावली.

तुही मावशी सातवी शिकलेली. तुही आई बारावी झाली, तेवढ्यावर अंगणवाडी भेटली. आमच्या दोघींच्या माहेरात चौऱ्याण्णव टक्के पाह्यलेलं कोणी नाही. अन् थे टक्के घेऊन तू कला शाखेत जाऊन बसते म्हणते. कला कोण घेते बाई? ज्याले काही भेटत नाही थो. लोकाइले मी काय सांगू?

माह्या मेसवरून ब्याण्णव डबे जातात, अन् होस्टेलच्या नऊ पोरी इथं येऊन जेवतात. सारे नीटवाले. पोळ्या लाटता लाटता मले इतकं समजलं, का कोणाचा नंबर लागन हे मी डब्यावरून सांगते. ज्याचा डबा पुसून साफ येते थो पास. ज्याची भाजी तशीच वापस येते थो गावी जाते. माह्या हातचं खाऊन अकरा पोरं डॉक्टर झाले. त्याइच्या मायांचे अजून फोन येतात.

गणिताचा एवढाच सोस आहे तं सायन्सले घे. पण क्लासवाले म्हणतात, नीट करायचं तं गणित सोडा, लय वेळ खाते. सारे सोडतात, कोणी मेलं नाही.

वरची खोली तुह्यासाठी रिकामी केली. टेबल आणलं. खिडकीले जाळी लावली. तुही आई वीस वर्षांपासून रजिस्टरं भरून राहिली, अन् बैठकीत कोणीबी साहेब येते अन् तिले उभं करून बोलते. डॉक्टरले कोणी उभं करून बोलत नाही. एवढंच तिले पाहिजे होतं तुह्यासाठी. थे तं समजून घे.

तुही मावशी
बेबी


वडगाव
३ जून

ती. मावशी,

तुझं पत्र आईनं पण वाचलं. वाचून झाल्यावर भाजी निवडत बसली.

सायन्स घेतलं का सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी क्लास. फिजिक्स-केमिस्ट्रीत माझा जीव रमत नाही, अन् कोलकात्याच्या परीक्षेले जे गणित लागते ते शाळेच्या गणितापेक्षा कितीतरी वेगळं आहे. त्याले वेळ पाहिजे. कलेत मले तो वेळ भेटते. ज्याले काही भेटत नाही तो कला घेते म्हणतेस, तर एक पोरगी अशी असू दे जिले भेटत होतं तरी तिनं कलाच घेतली.

काल परतवाड्याले जाऊन ऑनलाइन फॉर्म भरला. पहिला पसंतीक्रम परतवाडा, कला शाखा. पासवर्डचा कागद आईच्या फाइलीत ठेवला. दोन दिवस अजून बदल करता येतो, मंग कुलूप लागते. मी काही बदलणार नाही.

खोली दुसऱ्या कोणाले दे.

गीतांजली


वडगाव
२९ जून

मावशी,

काल यादी लागली. माझं नाव अकोल्याच्या कॉलेजात आहे. सायन्स, पहिला पसंतीक्रम.

मी भरलेला फॉर्म कुलूप लागायच्या आदल्या दिवशी बदलला गेला. मोबाईल आईचा, ओटीपी तिच्याच मोबाईलवर येते. मी तिले विचारलं. ती म्हणे, मावशीचा फोन आला होता, तिनं नंबर मागितला, मी वाचून दाखवला.

तू माझ्यावर रागावली असती तर मी सहन केलं असतं. तू शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तू माझ्या मागून माझ्या नावानं लिहिलं. आईच्या साधेपणाचा फायदा घेतला.

आता नियम असा आहे की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं अन् प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. सगळ्यात शेवटी जी उरल्यासुरल्या जागांची फेरी होते, तिथंच मंग उभं राहता येते. तुले वाटलं असेल, घाबरून येईल.

मी प्रवेश घेणार नाही. बाद होते. शेवटच्या फेरीपर्यंत घरी बसते.

फोन करू नको. मी उचलणार नाही.

गीतांजली


अकोला
४ जुलै

गीतू,

हो. मीच केलं.

जे बोलायचं थे मले बोल, पत्रात लिही, जितकं लिहायचं तितकं लिही. पण आईशी तोंड फुगवून राहू नोको. तिचा यात काही दोष नाही. अन् दोन वेळ जेवत जाजो.

मावशी


वडगाव
१८ ऑगस्ट

मावशी,

आपली बोलचाल नाही. तरी हे पत्र तुले कळावं म्हणून लिहून राहिली.

दीड महिना घरी बसली. माझ्या वर्गातली खुशी अमरावतीले गेली, बाकीच्या परतवाड्याले लागल्या. गावात पसरलं की शेषरावच्या पोरीचा नंबरच लागला नाही. बाबांसोबत रोज सकाळी वांगी-मेथी घेऊन बाजारात जायची तेव्हा बाया विचारायच्या. पहिल्या आठवड्यात मी खाली पाहायची. मंग एक दिवस बेंड्यांच्या सुनेले सांगून टाकलं की नंबर लागला होता, मी सोडला. त्याच्यानंतर कोणी विचारलं नाही. बाबा त्या दिवशी येताना पूर्ण रस्ताभर गाणं म्हणून राहिले होते. मले वाटते, त्यांले बरं वाटलं असावं.

शेवटच्या फेरीत परतवाड्याची कला शाखा भेटली.

पण तिथं दुसरंच झालं. विषयाच्या अर्जावर मी गणित लिहिलं, तर खिडकीवरच्या बाबूनं ते खोडलं. मी उपप्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, कलेले गणित नसते. मी बोर्डाची विषयांची यादी दाखवली, त्यात कलेसाठी गणित लिहिलेलं आहे. ते म्हणाले, यादीत असते, पण कोणी मागत नाही. मी म्हटलं, मी मागून राहिली. मंग म्हणे, एका पोरीसाठी वेळापत्रक बदलू का?

मी घरी येऊन दोन्ही शाखांची वेळापत्रकं एका कागदावर मांडली. सायन्सचं गणित सकाळी आठले असते, आमचे तास साडेदहाले सुरू होतात. फक्त गुरुवारी भूगोलाचं प्रॅक्टिकल आडवं येते, तर ते मी शुक्रवारच्या तुकडीसोबत करू शकते. काहीच बदलायची गरज नाही. कागद दिला तर ते म्हणाले, पाहू.

ते पाहत आहेत तोपर्यंत मी सायन्सच्या वर्गात जाऊन बसते. गणिताचे उजैर सर म्हणाले, "बेटा, मागचा बेंच खाली आहे, बस. हजेरीचं त्यांचं ते पाहून घेतील." अकरा दिवस झाले. हजेरीत माझं नाव नाही. मी एकही तास चुकवला नाही.

एवढंच. तुझ्या ब्याण्णव डब्यांत माझा डबा नाही, पण माझं ठीक चाललं आहे.

गीतांजली


अकोला
२४ ऑगस्ट

गीतू,

पत्र लिहिलं, बरं केलं. मी काही समजावून सांगायले लिहीत नाही. माहं एक काम आहे.

तुह्यासाठी ठेवलेली खोली मी प्रतीक्षा म्हणून एका पोरीले देल्ली. नांदगाव खंडेश्वरची आहे. बाप चंद्रभान, झेंडू-शेवंतीचा मळा आहे त्याचा. पोरगी हुशार, पण क्लासवाल्यांनी गणित सोडायले लावलं तशी गुमसुम झाली. तिचा डबा मी पाहते, वरच नेऊन देते मी. पंधरा दिवस झाले, पोळी तशीच वापस येते.

परवा खोली झाडायले गेली तं टेबलावर चिठ्ठ्या सापडल्या. मेसच्या चिठ्ठ्या, ज्याच्यावर मी आज किती पोळ्या थे लिहिते. त्याइच्या मांगच्या बाजूनं गणितं. मी विचारलं, हे काय व? तं रडायले लागली. म्हणे क्लासच्या वेळात गणित केलं तं सर रागावतात, म्हणून इथं करते. एक गणित सुटत नाही म्हणे, अन् विचारायले कोणी नाही.

थे गणित या पत्रासोबत ठेवलं. गोल टेबलाभोवती नऊ पोरी बसायच्या, पण त्यातल्या दोघी भांडलेल्या आहेत, त्या शेजारी नोको. तं किती प्रकारे बसतील? मी म्हटलं, हे तं आपल्या मेसचंच गणित आहे. तं हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

मले गणित समजत नाही. पण तुले येत असन तं सोडवून पाठव.

मावशी


वडगाव
१ सप्टेंबर

ती. मावशी,

उत्तर तीस हजार दोनशे चाळीस. कसं आलं ते वेगळ्या कागदावर मांडलं आहे. आधी सगळ्याच पद्धती मोजायच्या, मंग त्या दोघींले एकत्र बांधून मोजायचं, अन् ते वजा करायचं. प्रतीक्षाले सांग, तिनं पहिल्या दोन पायऱ्या बरोबर केल्या होत्या. ती फक्त वजा करायले घाबरली.

अजून एक. विषय बदलायचा अर्ज आमच्याकडे पंधरा सप्टेंबरपर्यंत घेऊन राहिले. तिच्या कॉलेजात किती तारीख आहे ते विचार. बायोलॉजी ठेवूनही गणित घेता येते, दुसऱ्या भाषेच्या किंवा भूगोलाच्या जागी. म्हणजे तिच्या बाबांचं डॉक्टरचं स्वप्न मोडत नाही, अन् तिचं गणित पण राहते. क्लासवाले नाही म्हणतील. पण विषय कॉलेजचा असतो, क्लासचा नाही. हे तिले ठासून सांग.

तुले हे सांगताना मले विचित्र वाटून राहिलं. तूच का हे विचारते, ते मी समजून घ्यायचा प्रयत्न करते.

गीतांजली


अकोला
२० सप्टेंबर

चि. गीतू,

तीस हजार दोनशे चाळीस. मी तं या पोरीइले रोज एकाच पद्धतीनं बसलेल्या पाहते.

तुह्या कागदाचं सांगते. प्रतीक्षानं तो वाचला अन् त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या. मी चंद्रभानभाऊले फोन करून बोलावून घेतलं. थो माणूस टोपलीभर शेवंती घेऊन आला, म्हणे फुलं क्लासच्या सरांसाठी आणली, पोरीवर त्याइचे उपकार आहेत. मी म्हटलं, आधी पोरीशी बोला. दोघं वर तासभर बसले. खाली आला तं डोळे पुसून राहिला होता. म्हणे ताई, मले वाटलं इलेच डॉक्टर व्हायचं आहे, अन् इले वाटलं मले पाहिजे म्हणून व्हा लागते.

आमी तिघं कॉलेजात गेलो. तिथं मोठ्या मॅडम म्हणाल्या, पोरगी क्लासच्या बॅचमधली आहे, क्लासच्या सरांची चिठ्ठी आणा. क्लासमध्ये गेलो. मोठे सर चांगले बोलले आधी. यंदाची बॅच, टक्केवारी, गणितानं दोन गुण कमी झाले तं कॉलेज हुकते, सारं समजावून सांगितलं. चंद्रभानभाऊ मान हलवत होता. मले वाटलं, गेलं आता. म्हणून मी मधात बोलली. तं सर मले म्हणे, "ताई, तुम्ही पोळ्या लाटा. हे आमच्यावर सोडा."

मी म्हटलं, "लाटतेच सर. म्हणून मले माहीत आहे कोण जेवून राहिली अन् कोण नाही. तुमच्या टक्केवारीत न जेवलेल्या पोरी कुठं धरतात, थे सांगा."

हे मी बोलली खरी, पण बोलता बोलता समजलं का हा तुह्या पहिल्या पत्रातला प्रश्न आहे. मी तव्हा दोनदा वाचूनही ऐकला नव्हता.

सरांनी चिठ्ठी देल्ली नाही. चंद्रभानभाऊ उठला अन् म्हणे, "कॉलेजात मी बाप म्हणून सही करतो, चिठ्ठी नोको." अन् केली. प्रतीक्षाले गणित भेटलं. बायोलॉजीबी आहे. क्लास तिनं सोडला. आता रोज कॉलेजात जाते, बाकी पोरी जात नाहीत, तं मास्तरलेच नवल वाटते. शेवंती मी मेसच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या होस्टेलनं माह्याकडचे चाळीस डबे बंद केले, अन् नऊ पोरीइचं येणंबी. एका झटक्यात. दोन बाया कामाले होत्या, त्याइले मी सोडलं नाही. जमवू काहीतरी. रडायची पाळी आली होती, पण रडली नाही. उलट इतकी भूक लागली, का उभ्यानंच चार पोळ्या खाल्ल्या.

तुही मावशी
बेबी


वडगाव
१२ ऑक्टोबर

ती. मावशी,

मले गणित भेटलं. लेखी. पण ते कसं भेटलं ते तुले सांगितलंच पाहिजे.

उपप्राचार्यांनी अट घातली की आईबापानं लिहून द्यायचं, पोरीचा निकाल बिघडला तर जबाबदारी आमची. बाबा बाजारात होते म्हणून आई आली, अंगणवाडीतून तशीच. सरांनी तिले बसायले खुर्ची दिली, अन् म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. समजवा तिले."

आई म्हणाली, "एकदा समजवून पाह्यलं सर. तिच्या मागून. आता सही कुठं करू ते सांगा."

मले तिथं समजलं नाही. परतताना जीपमध्ये ती माझ्याकडे न पाहता बोलायले लागली. ओटीपी मागायले तुझा फोन आलाच नव्हता, तिनं तुले ओटीपी दिलाच नव्हता. ती स्वतः परतवाड्याले जाऊन पिंटू म्हणून एकाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथं फॉर्म बदलून आली होती. पासवर्ड तिच्याच फाइलीत होता.

मी विचारलं, काहून केलं? ती म्हणे, "वीस वर्षं मी आकडे लिहिते गीतू. आकडे लिहिणाऱ्याले कोणी काही विचारत नाही. तू पण तेच करशील, असं वाटलं." वडगावले उतरल्यावर मी म्हटलं, म्हणूनच तर शिकायचं आहे. तिनं माझी बॅग घेतली अन् पुढं चालायले लागली. मले घरापर्यंत ती बॅग तिनं दिली नाही.

नाल्यापलीकडची लेकरं यंदा पण गेली आहेत. काल आईनं रजिस्टरात त्यांच्या नावापुढं रेघ मारली नाही. "स्थलांतर, वजन घेतलेलं नाही" असं प्रत्येकाच्या पुढं पूर्ण लिहिलं, अकरा वेळा. वरून विचारतील म्हणे, तर विचारू दे.

मावशी, साडेतीन महिने मी तुले काय काय समजली. अन् तू "मीच केलं" लिहून मोकळी झाली. तू असं काहून केलं?

तुझी
गीतू


अकोला
१७ ऑक्टोबर

गीतू,

यादी लागली त्या दिवशी तुह्या आईचा फोन आला. बोलता येत नव्हतं तिले. म्हणे गीतूले समजलं तं ती माह्याशी कधीच बोलणार नाही. मी म्हटलं, मंग माहं नाव सांगून टाक. मी अकोल्याले आहे. माह्यावर रागावली तं मले काय, पत्रात दोन ओळी कमी येतील. गीतूले मात्र तुह्याच हातचं जेवा लागते, तुह्याच शेजारी झोपा लागते. राग दूरच्या माणसावर बरा.

अन् मी काही साधी नाही. आठ दिवस तिले रोज फोन करून मीच म्हणत होती, का पोरगी हातची जाऊन राहिली, काहीतरी कर. बोट तिचं, पण बोलणं माहं होतं. म्हणून "मीच केलं" हे लिहिताना मले खोटं लिहिल्यासारखं वाटलं नाही. आईले याच्यावरून आता काही बोलू नोको. तिनं त्या साहेबासमोर जे म्हटलं, तेवढं बोलायले तिले वीस वर्षं लागले.

इथलं असं, का डबे अजून बावन्नच आहेत. दुपारी वेळ राहते. प्रतीक्षा मले वजाबाकीच्या पुढचं शिकवून राहिली, शिकवलं का तिले बरं वाटते म्हणून मी बसते. डोक्यात काही राहत नाही, तं ती परत सांगते. कटाळत नाही पोरगी.

दिवाळीले मी वडगावले येऊन राहिली, तीन दिवस. प्रतीक्षा पाडव्याले येईल, तिच्या बापानं परवानगी देल्ली. तुमी दोघी काय बोलायचं थे बोलून घ्या, मी अन् तुही आई मधात पडणार नाही.

अन् थ्या कोलकात्याचं. देशातून थोडेच घेतात म्हणते, म्हणजे नंबर लागन का नाही हे मी डब्यावरून सांगू शकत नाही. पण परीक्षेले जाशील तव्हा मी संगं येईन, हे आत्ताच सांगून ठेवते. नंबर लागला तं स्टेशनवर तुले पोचवायले सारं गाव येईन, माही गरज नाही. नाही लागला तं पहिला फोन मले करजो. मी येईन, अन् आपण त्याच स्टेशनच्या बाकावर बसून पुढच्या कॉलेजचा फॉर्म भरू.

बेबीमावशी